जुना पॉवर ॲम्प परत उभा करायचाय? आधी मीटर, मग सोल्डर

जुना पॉवर ॲम्प हातात आला की पहिली खाज सुटते ती पिन सॉकेटात घालून बटण दाबायची. तेवढी एक आवरा, बाकी सगळं जमतं. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या ॲम्पमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आतला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो, बायसचा ट्रिमर (आउटपुट ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणारा छोटा फिरता रेझिस्टर) आतून गंजलेला असतो, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात, आणि अशा अवस्थेत एकदम फुल व्होल्टेज दिला की काल जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते आज भंगारात. फ्यूज आहे ना, असं वाटतं, पण फ्यूज उडेपर्यंत आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असतो, फ्यूज त्याला वाचवायला नसतोच मुळी, आग लागू नये म्हणून असतो.

मी बोलतोय ते साधारण १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९८० च्या आसपासपर्यंतच्या ट्रान्झिस्टरवाल्या स्टिरिओ पॉवर ॲम्पबद्दल. मोठे सुटे पार्ट, मोकळी वायरिंग, आयसी जवळपास नाहीतच, त्यामुळे साधा मल्टिमीटर आणि धीर असला तर घरच्या टेबलावर काम होतं. सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदाच हातात धरत असाल तर मात्र याच्यावर शिकू नका, एखादा खराब बोर्ड घ्या, त्याच्यावर पन्नास डाख काढा आणि पन्नास लावा, मग इकडे या. मेन्सच्या बाजूचं काम कळत नसेल तर जाणकाराला शेजारी बसवा, यात लाज कसली.

माझं सुरुवातीलाच एक म्हणणं सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्याच्यातून कळेल. एका दमात सगळे कपॅसिटर, सगळे ट्रान्झिस्टर उपटून नवीन घालायचे ही पद्धत मला पटत नाही. स्टिरिओ ॲम्प म्हणजे एकाच सर्किटच्या दोन कॉप्या, ही केवढी मोठी सोय आहे! एक चॅनल खोला आणि दुसऱ्याला हात लावू नका, तो तुमचा नकाशा. डावीकडे कुठे किती व्होल्ट पाहिजेत ते उजवीकडे मोजून बघता येतं, कपॅसिटर कुठल्या तोंडाने होता ते बघता येतं. दोन्ही एकदम उघडले आणि काही बिघडलं तर चूक जुनी का तुमची, हेच कळत नाही, मग बसा डोकं धरून.

सर्व्हिस मॅन्युअल आधी मिळवा, निदान सर्किट डायग्राम तरी. आणि आपला ॲम्प कुठल्या जातीचा आहे ते बघा. सुरुवातीच्या काळात चांगले पीएनपी (म्हणजे एनपीएनच्या उलट दिशेने चालणारे) पॉवर ट्रान्झिस्टर मिळत नव्हते, मिळाले तर महाग, म्हणून वरचा आणि खालचा दोन्ही आउटपुट एनपीएनच घालायचे, त्याला क्वासी-कॉम्प्लिमेंटरी म्हणतात. त्यातल्या बऱ्याच ॲम्पना एकच सप्लाय आणि स्पीकरच्या वाटेत एक भला मोठा कपॅसिटर असतो. १९६७ चा क्वाड ३०३ तसा, डायनाको स्टिरिओ १२० पण तसाच. अशा ॲम्पमध्ये आउटपुट स्टेजच्या मधल्या पॉइंटला साधारण अर्धा सप्लाय व्होल्टेज दिसणार, तो दोष नाहीये, तसंच असतं. पुढे प्लस आणि मायनस अशा सप्लायच्या दोन लाइन, म्हणजे रेल आल्या, मधला कपॅसिटर गेला, मधला पॉइंट शून्यावर आला आणि स्पीकर थेट ट्रान्झिस्टरला जोडला गेला. म्हणजे तिथे ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की अख्खी रेल स्पीकरच्या कॉइलवर. १९७५ चा क्वाड ४०५ आणखी वेगळा, त्याच्या करंट डंपिंग सर्किटमध्ये बायस ॲडजस्टमेंटच नाहीये, तिथे ट्रिमर शोधत बसू नका.

आता झाकण काढा. काढायच्या आधी पिन भिंतीतून बाहेर, नुसतं बटण बंद नाही. मेन फिल्टर कपॅसिटर १०,००० मायक्रोफॅरडचा आणि ५० व्होल्टला भरलेला असला तर त्यात साडेबारा जूल साठलेले असतात, दोन्ही रेलचे मिळून पंचवीस, आणि ॲम्प खराब असला तर ते निचरायला वाटच नसते, कितीतरी वेळ तसेच भरलेले राहतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढायची हौस नको, कपॅसिटरलाही त्रास आणि डोळ्यांनाही. २२० ओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना नीट इन्सुलेशनवाल्या वायर लावा, प्रत्येक कपॅसिटरवर पंधरा-वीस सेकंद धरा, मग मीटर लावून बघा. दोन मिनिटांनी परत बघा, कारण मोठा कपॅसिटर रिकामा केल्यावर थोडा व्होल्टेज आपोआप परत वर येतो.

मग फोटो. चारी बाजूंनी, वरून, खालून, प्रत्येक वायर कुठून कुठे जाते ते, आणि तुम्हाला पुरेसे वाटतात त्याच्या दुप्पट काढा. धूळ मऊ ब्रशने काढा. एक गोष्ट धुळीसारखीच दिसते पण धूळ नसते, ती म्हणजे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला डिंक. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांवर तो असतो, नवीन असताना पिवळट, जुना झाला की चॉकलेटी आणि कडक, आणि तसा झाला की तो करंट वाहू देतो आणि पार्टांच्या पायांना खातो. लाकडी काडीने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सगळा काढा. ज्या रेझिस्टरच्या किंवा डायोडच्या पायावर तो बसलाय तो पाय हिरवा-काळा दिसला तर पार्टच बदला.

मेन्सच्या बाजूला कॉर्ड कडक झालेली असली, भेगा असल्या तर नवीन. व्होल्टेज सिलेक्टर असला तर तो कुठे आहे ते बघा, ११७ वर ठेवलेला ॲम्प २३० ला जोडला की गोष्ट तिथेच संपते. आणि स्विचवर किंवा लाइनवर जुना पेपर कपॅसिटर असतो, पारदर्शक पिवळट आवरणाचा, बारीक भेगा पडलेला, तो न मोजता काढून टाका, भेगांमधून ओल आत जाते आणि एक दिवस धूर. तिथे साधा कपॅसिटर चालत नाही, लाइनच्या दोन तारांमध्ये एक्स२ आणि लाइनपासून चासीला वाय२ या सेफ्टी क्लासचाच घाला.

वीज न देता बरंच काही कळतं. मीटर डायोडवर ठेवा आणि आउटपुट ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर, बेस-कलेक्टर बघा, सिलिकॉन असला तर ०.५ ते ०.७ व्होल्ट एका दिशेने. कलेक्टर-एमिटरमध्ये शून्याच्या जवळ आकडा आला आणि मीटर वाजला तर तो गेलेला. सर्किटमध्ये असताना बाकीचे पार्ट आकडा बिघडवतात म्हणून संशय आला तर पाय सोडवून परत बघा. आणि एक आउटपुट गेलेला दिसला तर तेवढाच बदलून गप्प बसू नका. जाताना तो ड्रायव्हरला (त्याला चालवणाऱ्या आधीच्या ट्रान्झिस्टरला) घेऊन जातो, एमिटर रेझिस्टर आतून तोडतो, कधी दोन स्टेज मागेपर्यंत जातो. सगळे थेट जोडलेले, साखळीच ती. एक खराब राहिला तर नवीन घातलेला पण पहिल्या सेकंदाला जाणार.

वीज द्यायची वेळ आली की सिरीज बल्ब. हे जुगाड ज्याने शोधलं त्याला माझा नमस्कार. ॲम्पच्या लाइव्ह तारेत एक जुना तारवाला बल्ब सिरीजमध्ये घालायचा, छोट्या ॲम्पला ६० वॉट, मोठ्याला १०० वॉट. एलईडी नाही चालत, सीएफएल पण नाही, तारच पाहिजे, कारण थंड तारेचा रेझिस्टन्स अगदी कमी आणि तापली की दहापटीच्या आसपास वर जातो, त्यामुळे ॲम्पने जास्त करंट ओढायला घेतला की बल्ब स्वतःच पेटून त्याला अडवतो. बटण दाबलं की काय दिसतं ते नीट बघा: क्षणभर बल्ब लख्ख, कारण कपॅसिटर भरतायत, मग दोनेक सेकंदांत उतरत उतरत नुसता मंद लालसर किंवा विझल्यासारखा. हे दिसलं की हुश्श. लख्खच राहिला तर लगेच बंद, कुठेतरी शॉर्ट आहे. मग तुकडे पाडत शोधायचं. आधी ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी सोडवून बघा, मग रेक्टिफायर जोडून, मग रेलचे फ्यूज काढून एक-एक चॅनल. प्रत्येक वेळी मध्ये कपॅसिटर रिकामे करायचे, कंटाळा आला तरी. स्पीकर अजून लांबच.

आता काय बदलायचं. इलेक्ट्रोलायटिक बहुतेक सगळे, हो, इथे मी बदलायच्या बाजूचा आहे, पण एक-एक करून, एका चॅनलचे झाले की चालू करून बघून मग दुसऱ्याचे. यांचं आयुष्य तापमानावर जातं, ढोबळ हिशोब असा की दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. त्यामुळे हीटसिंकला चिकटून बसलेले आधी मरतात. नवीन घेताना १०५ अंशाचे घ्या, व्होल्टेज जुन्याइतका किंवा एक पायरी वरचा, कमी कधीच नाही. फिल्टर कपॅसिटर १०,००० च्या जागी १५,००० घातले तर ठीक, पण ३३,००० घालायचा मोह नको, चालू करताना रेक्टिफायर आणि स्विच दोघांवर जो धक्का बसतो तो त्यांच्या हिशोबात धरलेला नसतो. आणि ही चूक इतक्या जणांनी केलीय की लिहिल्याशिवाय राहवत नाही: मायनस रेलच्या कपॅसिटरचं प्लस टोक ग्राउंडला जातं. परत वाचा. ग्राउंड म्हणजे मायनस अशी हाताला सवय असते आणि तिथेच घोटाळा होतो, उलटा लागला की थोड्या वेळात फुगतो आणि फुटतो.

इनपुटचा छोटा कपॅसिटर जागा असेल तर फिल्मचा घाला. फीडबॅकचा आहे तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ठेवा, लहान केला की खालचा बास जातो. पिकोफॅरडवाले छोटे सिरॅमिक आणि मायका कपॅसिटर मात्र राहू द्या, ते बिघडत नाहीत फारसे आणि त्यांच्यावरच ॲम्पची स्थिरता टिकलेली असते. रिलेचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा लेप निघून जातो आणि दोन महिन्यांनी परत एक बाजू गायब. त्याच मापाचा नवीन रिले घाला, झालं.

ट्रान्झिस्टर चालतायत ना, मग राहू द्या. बदलायचेच झाले तर नवीन पार्ट जास्त चांगला म्हणजे जास्त योग्य असं नसतं. जुना २एन३०५५ संथ होता, ट्रान्झिशन फ्रीक्वेन्सी (ज्याच्या वर ट्रान्झिस्टरचा गेन उरतच नाही ती) एक मेगाहर्ट्झच्याही खाली चालायची, आजचा त्याच नावाचा एपिटॅक्सियल पार्ट कमीत कमी अडीच मेगाहर्ट्झचा. जुन्या सर्किटमध्ये असा चपळ पार्ट घातला की ॲम्प ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट व्हायला लागतो, आणि तुम्हाला फक्त एवढंच कळतं की हीटसिंक उगाच तापतंय. प्लस-मायनस रेलच्या पूर्ण कॉम्प्लिमेंटरी (वर एनपीएन, खाली पीएनपी) ॲम्पमध्ये एमजे१५००३ आणि एमजे१५००४ ही जोडी बऱ्याच ठिकाणी बसते, १४० व्होल्ट, २० अँपिअर, पण बनावट माल फार आहे, त्यामुळे विश्वासातल्या वितरकाकडूनच घ्या.

टीओ-३ (धातूच्या बॉडीचा मोठा पॉवर ट्रान्झिस्टर) बसवताना खाली मायका, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर, पातळ म्हणजे पातळ, केकवरचं आयसिंग नाही. ट्रान्झिस्टरची बॉडी म्हणजेच कलेक्टर, त्यावर पूर्ण रेल असते, म्हणून बसवून झालं की बॉडी आणि हीटसिंकमध्ये मीटर लावायचाच. एकदा मी सगळं बसवलं, स्क्रू पिळले, मीटर लावला तर बीप. मायका बदलला, परत बीप. तिसऱ्यांदा काढून भिंगाखाली बघितलं तर हीटसिंकच्या भोकाच्या कडेला ॲल्युमिनियमची इवलीशी फास होती, नखाला लागेल न लागेल एवढी, आणि तीच दरवेळी मायकाला भोक पाडत होती. मोठ्या ड्रिल बिटने हाताने दोन वेढे फिरवून कड साफ केली, चौथा मायका घातला, बीप गेली. तो मीटर लावला नसता तर फटाका वाजला असता.

आता बायस आणि ऑफसेट, इथे घाई नको. इनपुट शॉर्ट करा, स्पीकर नाही, बल्ब सिरीजमध्ये. आधी डीसी ऑफसेट, म्हणजे दोन रेलच्या ॲम्पमध्ये आउटपुटवर काही वाजत नसताना किती डीसी आहे. वीसेक मिलीव्होल्टच्या आत असला तर छान, पन्नासपर्यंत चालतं, शंभरच्या वर गेला तर शोधा, इनपुट कपॅसिटर लीक असेल किंवा इनपुटच्या पहिल्या डिफरन्शियल जोडीतले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांपासून लांब गेले असतील. ती जोडी बदललीत तर दोघांचा गेन जुळवून घ्या आणि शक्य असेल तर तोंडाला तोंड लावून एकाच हीटश्रिंकमध्ये बांधा म्हणजे दोघं एकत्र तापतील. आणि हे मोजायचं रिलेच्या आधी. रिले उघडा असताना स्पीकर टर्मिनलवर मोजलं तर मस्त शून्य दिसतो, आपण खूश, आणि आत आउटपुट रेलला चिकटलेला. बल्बवर कमी व्होल्टेज मिळाल्याने रिले कधीकधी लागतच नाही, हेही लक्षात ठेवा.

बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. फार कमी असला तर हळू आवाजात गाणं कोरडं, किरकिरं वाटतं, तो क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन. फार जास्त असला तर नुसती शेगडी. मोजायचा एमिटर रेझिस्टरवर, मिलीव्होल्टमध्ये. समजा ०.३३ ओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये आहेत आणि दोन टोकांत २० मिलीव्होल्ट आहेत, तर २० भागिले ०.६६ म्हणजे ३० मिलीअँपिअर. क्वासी ॲम्पमध्ये खालचा रेझिस्टर बऱ्याचदा मायनस रेलजवळ असतो, त्यामुळे वरचा आणि खालचा वेगवेगळा मोजा आणि मीटर बॅटरीवरचाच घ्या. किती ठेवायचा ते मॅन्युअल सांगेल तेवढंच. मॅन्युअल नसेल तर एका रेझिस्टरवर ५ ते १० मिलीव्होल्टपासून सुरुवात करा आणि तिथे थांबलात तरी फार बिघडत नाही.

प्रोब हाताने धरून मोजू नका. बंद असताना क्लिप लावा, मग चालू करा. प्रोब एक मिलीमीटर घसरून बेस-कलेक्टर टेकले की ट्रान्झिस्टर गेला, आवाजसुद्धा येत नाही.

जुना सिंगल-टर्न ट्रिमर काढून मल्टिटर्न घाला, कारण जुन्याचं पातं मध्येच संपर्क सोडतं आणि काही सर्किटमध्ये संपर्क सुटला की बायस थेट टोकाला जातो. पण काढायच्या आधी तो किती ओहमवर होता ते मोजून लिहून ठेवा. आणि कुठल्या बाजूला फिरवला की बायस कमी होतो ते डायग्रामवरून पक्कं करा, अंदाजाने नाही. मी अंदाजाने केलं होतं. एका ॲम्पमध्ये दोन चॅनलचे बोर्ड आरशातल्यासारखे उलटसुलट होते, डावीकडे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की कमी होत होता म्हणून उजवीकडे पण तसंच फिरवून ठेवलं आणि चालू केलं. बल्ब लख्ख झाला, मंद झाला आणि परत हळूहळू लख्ख व्हायला लागला, तेव्हा कळलं. बल्ब नसता तर त्या दिवशी चार ट्रान्झिस्टर गेले असते.

सगळं ठीक दिसलं की बल्ब काढून थेट मेन्सवर, कारण बल्बवर रेल खाली बसलेल्या असतात आणि तिथे लावलेला बायस खरा नसतो. आता सावकाश वाढवत न्या, अर्ध्यावर थांबा, वीस मिनिटं तापू द्या, मग शेवटचं ॲडजस्टमेंट. ट्रान्झिस्टर तापला की दर अंशाला त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलीव्होल्टने उतरतो, ते सांभाळायला हीटसिंकवर एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड बसवलेला असतो, त्याची पेस्ट वाळलेली असेल तर ती पण नवीन लावा, नाहीतर बायस चढतच राहील आणि तुम्ही ट्रिमरला शिव्या द्याल. झाकण लावून अर्ध्या तासाने परत बघा, बंद पेटीत आकडा थोडा बदलतो.

लोडसाठी ८ ओहमचे मोठे रेझिस्टर मिळाले तर उत्तम. १ किलोहर्ट्झची साइन द्या, ८ ओहमवर २० व्होल्ट आरएमएस मिळाले म्हणजे ५० वॉट. ऑसिलोस्कोप असेल तर वेव्हची रेघ बारीक आहे का बघा, कुठे जाडसर, केसाळ दिसली तर ऑसिलेशन, आउटपुटजवळचं झोबेल नेटवर्क (ॲम्प स्थिर ठेवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आधी तपासा, बहुतेकदा १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, त्यातला रेझिस्टर जळून काळा पडलेला सापडतो. फुल पॉवरला फार वेळ ठेवण्यात अर्थ नाही, गंमत म्हणजे एबी क्लासचा (म्हणजे वर सांगितल्यासारखा थोड्या बायसवर चालणारा) ॲम्प सगळ्यात जास्त तापतो तो फुल पॉवरला नाही तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत १९७४ साली ॲम्पच्या पॉवर रेटिंगचा नियम आला त्यात मोजायच्या आधी एक तास एकतृतीयांश पॉवरवर चालवा असं होतं, आणि त्या वेळच्या कंपन्यांना हीटसिंक का मोठी करावी लागली ते त्यावरून कळतं.

पहिला स्पीकर लावताना मात्र तुमचा आवडता नको, कुठला तरी पडलेला जुना लावा. चालू करताना छोटा टक, मग शांतता, कान कोनला लावला तर हलकीशी सळसळ, एवढंच यायला हवं. घुंम्म असा आवाज आला तर ग्राउंडची एखादी वायर तुम्ही मूळ जागेवरून हलवलीय का ते फोटोत बघा, फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या पॉइंटला सगळ्या ग्राउंड वायर ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने पाहिजेत. दोन-चार संध्याकाळी त्याच पडेल स्पीकरवर वाजवा, मध्येच झाकण काढून ऑफसेट आणि बायस परत मोजा, आकडे तारीख टाकून कागदावर लिहा आणि तो कागद झाकणाला आतून चिकटवून टाका, पुढच्या वेळी ते उघडणारा बहुतेक तुम्हीच असाल आणि तोवर सगळं विसरलेले असाल.